वाचकांचे अभिप्राय थोडे कमी गोड चालतील

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून वाचकांचे पुस्तकांवरील अभिप्राय छापले जात आहेत. वर्तमानपत्रांतली पुस्तकांची जागा आक्रसत चाललेली असताना साध्या वाचकाला अर्धे पान द्यावे असे आपल्याला वाटले, याबद्दल आधी आपले आभार मानते. लोककथांचे संग्रह, आत्मचरित्रे, उद्योजकांच्या कहाण्या आणि पैसा कसा मिळवावा हे शिकवणारी भाषांतरे एकाच पानावर शेजारीशेजारी येतात, हेही मला आवडते. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ती अशीच एकमेकांवर पडलेली असतात. तक्रार एवढीच आहे, की हे सगळे अभिप्राय एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. 'प्रत्येकाने वाचावे असे', 'संग्रही असावे असे', 'एका बैठकीत वाचून संपवले', 'डोळ्यांच्या कडा ओलावल्या' ही वाक्ये किती वेळा येतात ते मी मोजायला घेतले होते. तिसऱ्या रविवारी नाद सोडला.

मी सांगली जिल्ह्यातील एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षे देवघेवीच्या टेबलामागे बसले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्या टेबलावर एक दोनशेपानी अभिप्राय वही असे आणि तिच्या पुठ्ठ्याला सुतळीने पेन बांधलेले असे. पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहायचा, तारीख घालायची आणि वाटेल ते लिहायचे, नाव घातले नाही तरी चालेल, एवढाच नियम होता. अशा पाच वह्या भरल्या. त्यांत 'छान आहे' हा शेरा सर्वांत जास्त वेळा आहे हे खरे आहे, आणि माणसाला पुस्तक आवडले तर त्याने तसे म्हणू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याच वह्यांत काही नोंदी अशा आहेत, की त्या वाचल्यावर मी ते पुस्तक कपाटातून पुन्हा काढून पाहिले. वाचकाच्या अभिप्रायाकडून मला हेच हवे असते आणि आपल्या पानावर नेमके तेच मिळत नाही.

लोककथांपासून सांगते. दोन वर्षांपूर्वी वाचनालयात श्रावणातल्या कहाण्यांचे गुळगुळीत कागदावर छापलेले, रंगीत चित्रांचे एक पुस्तक आले. त्यात खुलभर दुधाची कहाणी होती. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा गावातले सगळे दूध देवळात आणायला लावतो. लोक धाकाने वासरांच्या आणि मुलांच्या तोंडचे दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. आणि घरातल्या लेकरावासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीने ते वाहताच गाभारा भरून येतो. पातळ कागदावरच्या जुन्या चोपड्यांत ही कहाणी येथे संपत नाही. राजा पहारा ठेवून म्हातारीला पकडतो, ती अभय मागून घेते आणि मग त्याला तोंडावर सांगते, की तुझ्या हुकमाने वासरे तळमळली, मुले तळमळली, मोठ्या माणसांची हाय लागली आणि देवाला ते आवडले नाही. नव्या पुस्तकात हे उत्तर दीड ओळीत उरकले होते आणि खाली चौकटीत 'तात्पर्य : देवाची भक्ती मनापासून करावी' असे छापले होते. वहीत या पुस्तकावर दोन नोंदी आहेत. पहिली एका सुशिक्षित पालकाची : 'संस्कारक्षम. छपाई उत्तम.' दुसरी चौथीतल्या मुलीची : 'म्हातारी राजाला घाबरत नाही असे आजी सांगते. पुस्तकात तसे नाही. वासरु उपाशी राहते ते पण नीट नाही.' आपल्या पुरवणीकडे दोन्ही नोंदी आल्या असत्या, तर कोणती छापली गेली असती याचा अंदाज मला आहे.

सांगणाऱ्याच्या तोंडून निघून छापील पानावर येईपर्यंत कथेचे काय काय झाले, हा लोककथेच्या पुस्तकाबाबत पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने दख्खनच्या लोककथांचे इंग्रजी पुस्तक १८६८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या कथा तिच्या आयेने, ॲना लिबेराटा डिसूझा हिने, आपल्या आजीकडून ऐकलेल्या होत्या. आणि फ्रिअरबाईंनी या आयेचे नाव तर दिलेच, शिवाय कथांच्या आधी तिची स्वतःची हकीकत तिच्याच बोलण्यातून छापली. साहेबाच्या काळातल्या पुस्तकात हे भान होते. आज बाजारात येणाऱ्या किती तरी संग्रहांवर संकलकाचा फोटो असतो आणि सांगणारीचा गावसुद्धा दिलेला नसतो, हे एखाद्या वाचकाने आपल्या पानावर का बरे लिहू नये?

आमच्याच जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे ओव्या, गाणी, म्हणी, कहाण्यांचे खंडांमागून खंड काढले. त्यांतला एक खंड एक शाळकरी नात आपल्या आजीसाठी घरी नेत असे. आजीला अक्षर येत नव्हते. नातीने वाचायचे आणि तिने ऐकायचे. एके दिवशी आजी स्वतः काठी टेकत वाचनालयाच्या पायऱ्या चढून आली आणि म्हणाली, 'बाई, ह्यातली जात्यावरची ओवी आमच्याकडं अशी न्हाई.' मग टेबलाला धरून उभ्याने तिने आपल्याकडची ओवी म्हटली. मी ती वहीत उतरवून घेतली आणि समोर खंडाचा दाखल क्रमांक घातला. माझ्या हिशेबी आमच्या वाचनालयात नोंदला गेलेला तो सर्वांत नेमका अभिप्राय आहे.

शब्दांना लागलेला हा दुसरा हात आठवणींच्या पुस्तकांतही असतो. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा आतून पाहून परत आले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये छापला तो भाषेत फेरफार करून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे तो वाचकांपुढे यायला १९६६ उजाडले. आमच्याकडे दोन्ही प्रती आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी त्या लागोपाठ नेल्या आणि वहीत लिहिले, की पहिल्या पुस्तकात भटजी लेखक वाटतात आणि दुसऱ्यात भटजी वाटतात. दोन आवृत्त्यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगणारे वाक्य मी इतरत्र वाचलेले नाही.

आत्मचरित्रांचे अभिप्राय हे आपल्या सदरातले सर्वांत मिळमिळीत अभिप्राय असतात. लेखकाचा संघर्ष प्रेरणादायी असतो, शैली ओघवती असते आणि पुस्तक वाचकाला अंतर्मुख करते. या पुस्तकातून काय वगळले आहे, हे विचारायचा संकोच वाचकाला वाटतो, कारण समोर जिवंत माणसाचे आयुष्य आहे. आमच्या वहीत एका गृहिणीने हा संकोच बाजूला ठेवला होता. एका बड्या निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींवर (नाव देत नाही) तिने एकच ओळ लिहिली : 'पत्नीचे नाव पहिल्यांदा पान १४० वर येते.' मी उघडून पाहिले. खरोखर १४० वर येते, तेही बदलीच्या गावी सामान लावून घेण्याच्या संदर्भात. याच पुस्तकावर एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी एका वर्तमानपत्राला अभिप्राय पाठवला होता. गावाकडची प्रकरणे वाचताना आपला थांबा चुकला, असे त्यांनी आधी लिहिले होते आणि मुंबईला गेल्यानंतरचे पुस्तक म्हणजे सत्कारांची यादी आहे, असे नंतर. छापताना दुसरे वाक्य गळाले. वाहक मला म्हणाले, 'अर्ध्या तिकिटात पूर्ण प्रवास केल्यासारखं झालं.'

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहा. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे पुस्तक आमच्या वाचनालयात तीनदा बांधून घ्यावे लागले. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याने धर्म बदलल्यावर तुटलेला संसार आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे जाणे, हे सारे ही बाई कुठेही न रडता, कित्येकदा हसत सांगते. वहीत यावरच्या नोंदी बहुतेक बायकांच्या आहेत आणि त्यांत 'प्रेरणादायी' हा शब्द फारसा नाही. त्याऐवजी 'आमच्या सासऱ्यांचेही सोवळे असेच होते' किंवा 'नवऱ्यावर रागावणे आणि माया करणे हिला एकाच ओळीत जमते' असे आहे. सुनीता देशपांडे यांचे, पु. ल. देशपांड्यांबरोबरच्या संसाराबद्दल मोकळेपणाने लिहिलेले 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले, त्याच्या वहीतल्या नोंदी मला नोकरीत रुजू झाल्यावर वाचायला मिळाल्या. एकाच पानावर एक गृहस्थ 'घरातले घरात ठेवायला हवे होते' म्हणतात आणि खाली कोणी तरी वेगळ्या शाईने विचारते, 'कोणाच्या घरातले?' ही दोन वाक्ये एकाखाली एक छापली असती, तर त्या पुस्तकाने मराठी घराघरांत काय वाद पेटवला होता, हे आजच्या तरुण वाचकाला एका नजरेत कळले असते.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या दलित आत्मकथनाची आमची प्रत मी सहसा कोणाला दाखवत नाही, पण येथे सांगते. गावगाड्यातल्या वागणुकीचे वर्णन असलेल्या एका पानाच्या समासात कोणी शिसपेन्सिलीने 'खोटे' असे लिहिले आहे. त्याखाली निळ्या बॉलपेनने, दुसऱ्या अक्षरात, 'मी पाहिले आहे' असे लिहिले आहे. पुस्तकावर काहीही लिहू नये, दंड आकारला जाईल, ही पाटी मीच रंगवून घेतलेली होती. तरीही त्या पानावर खोडरबर फिरवायला माझा हात उचलला नाही.

धंद्याच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांतली बरीचशी एकमेकांसारखी आहेत आणि त्यांवरचे अभिप्राय त्याहून जास्त. श्रीमंत होण्याचे नियम सांगणारे एक भाषांतरित अमेरिकन पुस्तक आमच्याकडे सतत बाहेर असे. पेठेतल्या एका किराणा दुकानदाराने ते परत करताना लिहिले, 'उधारीबद्दल एक अक्षर नाही.' लेखक परदेशी, त्याने तरी आमच्या पेठेतली खातेवही कशाला पाहिली असेल, म्हणून ते सोडून देता येते. पण मराठी उद्योजकांच्या पुस्तकांनाही हा प्रश्न विचारायलाच हवा. पहिले भांडवल कोणी दिले, घर गहाण पडले का, कोणता माल विकला गेला नाही, कामगारांशी काय बिनसले, हे पुस्तकात आहे की फक्त जिद्द आहे? किर्लोस्करवाडी आमच्यापासून जवळ असल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे 'यांत्रिकाची यात्रा' हे चरित्र इकडे आजही मागितले जाते. बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलच्या माळावर जागा दिली, १९१० मध्ये तेथे कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगराने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी तो नांगर घेईनात, ही हकीकत वाचून एका तरुण फॅब्रिकेशनवाल्याने वहीत लिहिले, 'माल चांगला असून गिऱ्हाईक येत नाही, तो काळ किती दिवस काढायचा हे यातून कळले.' विठ्ठल कामत यांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' या पुस्तकावर 'प्रेरणादायी' असे तर खंडीभर लोकांनी लिहिले आहे. खानावळ चालवणाऱ्या एका बाईंनी मात्र स्वयंपाकघराचा भाग आपण दोनदा वाचला आणि मोठ्या हॉटेलाचा भाग चाळला, असे लिहिले. हा अभिप्राय वाचून पुढच्या वाचकाला आपण त्यात कोणता भाग शोधणार आहोत, ते आधीच ठरवता येते.

आपल्याकडे जागा कमी असते आणि येणाऱ्या पत्रांत लेखकाच्या स्नेह्यांचीही पत्रे असतात, याची मला कल्पना आहे. नव्या लेखकाला उगाच दुखवू नये, हाही विचार असेल. तरी सुचवावेसे वाटते, की वाचकाने पुस्तकातले कोणते पान किंवा प्रसंग धरून आपले मत बनवले, एवढे तरी त्याच्याकडून मागून घ्यावे, आणि जमल्यास तो काय काम करतो हे नावाखाली द्यावे. किराणावाल्याने उधारीबद्दल लिहिले, हे कळले तरच त्या ओळीला वजन येते. एकाच पुस्तकावर दोन विरुद्ध मते आली तर दोन्ही शेजारी छापावीत. जुन्या पुस्तकांनाही दार बंद करू नये. आणि शब्दमर्यादेसाठी कापायचे झाले, तर 'ओघवती शैली' आधी कापावी, तक्रार नंतर.

सोबत आमच्या वह्यांतील अकरा नोंदी उतरवून पाठवत आहे. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची परवानगी घेतली आहे. ज्यांची ओळख पटली त्यांनाही विचारले आहे आणि दोघांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. या अकरा नोंदींत त्या चौथीतल्या मुलीची नोंदही आहे. ती आता सहावीत गेली असून 'वासरू' दीर्घ लिहिते. मात्र त्या नोंदीत तिने ऱ्हस्व लिहिलेले आहे, ते तसेच राहू द्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
जि. सांगली