गौरी, रात्री निघू नकोस

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बॅगेत बॅटऱ्यांच्या कप्प्यात ठेवतो आहे. तिथे हात गेल्याशिवाय तुझं काम सुरू होत नाही. काल पहाटे लग्नाचे फोटो काढून तू एकटीच गाडी चालवत आलीस, त्यावरून दारातच आपली वादावादी झाली आणि तू चहाही न घेता आत गेलीस. ‘तुम्ही नाही का रात्रीच्या गाड्या चालवल्या?’ असं तू विचारलंस. तेव्हा मी गप्प बसलो. आता उत्तर लिहितो.

चालवल्या. पण रात्रपाळी असली की मी दुपारी खिडकीला चादर लावून झोपायचो, आणि तुला नि दादाला आई वाडीतल्या आजीकडे पाठवायची. ड्युटी संपली की बेस्टची बस वडाळा आगारात लावायची आणि मोकळं व्हायचं. शेजारी नसला तरी मागे कंडक्टर जागा असायचा, त्याची घंटा वाजायची. तू सकाळी सातला हळदीला उभी राहतेस, दोन्ही खांद्यांवर कॅमेरे घेऊन. शेवटची पंगत उठेपर्यंत बूड टेकत नाहीस. आणि मग कर्जतहून चौक, पनवेल, वाशीचा पूल करत एकटी येतेस. आपल्या दोघांची रात्रपाळी एक नाही, बाळा.

ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर ती गाडी कुणीच चालवत नसतं. तू सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा हिशोब ठेवणारी मुलगी. तीन सेकंद म्हणजे किती, हे तुला मी काय सांगायचं? पहाटे दोन ते पाच ही वेळ वाईट. चहाने, गाण्याने, काच खाली केल्याने झोप जात नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते. आमच्या आगारात माझ्याबरोबर लागलेला एक जण डबल ड्युटी करून स्वतःच्या स्कूटरवरून घरी निघाला होता. त्याचं तुम्हाला घरात कधी सांगितलं नाही, आताही सांगत नाही.

खरं तर हे लिहायचं नव्हतं. तुझ्या कामाबद्दल लिहायचं ठरवून बसलो होतो.

परवा तू आईला म्हणालीस, आता काही सुचत नाही, सगळी लग्नं एकसारखी वाटायला लागलीत. लोक मोबाइलवर दुसऱ्याच कुणाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, अस्साच पाहिजे. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात सारखी तुझी ती जागा येते आहे, माझ्या सीटच्या मागची. डबलडेकर असली की तू वर पहिल्या बाकावर पळायचीस. पण साध्या गाडीत तू माझ्या मागे बसून आरशात माणसं बघायचीस. सातवीत असशील. उतरल्यावर मला विचारलंस, ‘बाबा, आरशातली माणसं फोटोतल्यासारखं तोंड का नाही करत?’ मला काय उत्तर येणार होतं! पण तू अजून तेच शोधतेस, असं मला तुझे फोटो बघून वाटतं.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या लाल डबलडेकरचा शेवटचा दिवस होता, अंधेरीची ४१५. चातुर्मास, त्यामुळे तुझी लग्नं नव्हती. गाडीला हार घातलेले, सगळे गाडीचे फोटो घेत होते. तू फोटो घेतलास तो घंटेच्या दोरीवर ठेवलेल्या कंडक्टरच्या हाताचा. तो बघून मी बराच वेळ काही बोललो नव्हतो, आठवतं?

मुलुंडच्या लग्नातला मामाचा हात तसाच. अक्षता हवेत, अंतरपाट खाली येतोय, सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर, आणि तू भाचीच्या खांद्यावरून न सुटणारा मामाचा हात पकडलास. मुलीच्या आईने अल्बममध्ये पहिल्या पानावर तोच लावला. तो नशिबाने मिळालेला फोटो नाही हे मला माहीत आहे. तू आदल्या दिवशी हॉलवर जाऊन दिवे बघून येतेस, कारण शटरचा वेग वाढवला की काही एलईडींखाली फोटोत पट्टे येतात. मंगलाष्टकं तुला भटजींइतकी पाठ आहेत. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की तू जागा बदललेली असते. एवढं सगळं झोपेशिवाय कसं जमवतेस?

बघ, पुन्हा तिथेच आलो.

तुझ्या भिंतीवर वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचा फोटो आहे. तूच सांगितलं होतंस, त्या इथल्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, १९४२ साली दिल्लीला गेल्या, साडी नेसून कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरायच्या. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. मी तेव्हापासून तो फोटो वेगळ्या नजरेने बघतो. कॅमेरा खाली ठेवल्यावरही बाई चाळीस वर्षं जगल्या. मला तुझं तसंच हवं आहे, लांब.

आणि चित्रकार धुरंधरांची चित्रं! २०१८ साली तू मला ओढत काळ्या घोड्याजवळच्या एनजीएमए कलादालनात नेलंस. मी म्हणत होतो, मला चित्रातलं काय कळतं. तू एका बाईच्या नऊवारीच्या घडीसमोर उभी राहिलीस ती हलेचना. बाहेर आल्यावर म्हणालीस, यांनी आधी बायका चालताना बघितल्यात, मग साडी रंगवलीय. दुसऱ्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन तू झेंडूच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांचे फोटो घेतलेस. कुणी पैसे देणार नव्हतं. ते फोटो घेणारी मुलगी आणि ‘सुचत नाही’ म्हणणारी मुलगी एकच आहे, फक्त दुसरीची झोप झालेली नाही. असं मला वाटतं. तुला ते बाबांचं पालुपद वाटेल. वाटू दे.

या चातुर्मासात दुसऱ्यांच्या लग्नांचं एडिटिंग घेऊ नकोस. घरात पैशांची तशी ओढ नाही, माझी पेन्शन आहे. पुन्हा फुलबाजारात जा, भाऊच्या धक्क्यावर जा, बाणगंगेला जा, नाहीतर नुसती बसमध्ये बस. आईने तुला आत्याच्या लग्नाचा अल्बम काढून ठेवलाय, तोही बघ. त्यात कुणीच नीट फोकसमध्ये नाही, तरी आत्या दरवेळी रडते. लेक्चर झालं, माफ कर. तू यातलं माझ्यापेक्षा जास्त जाणतेस आणि मी ते चारचौघांत सांगतोही. आगारातल्या जुन्या मंडळींना तुझे फोटो मी स्वतः दाखवलेत.

आता एवढंच कर. पुढचं लग्न अलिबागला आहे म्हणे. जाताना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडी ने. येताना लग्न उरकेपर्यंत बोट मिळायची नाही आणि तू पेणवरून रस्त्याने निघशील, हे मी ओळखून आहे. निघू नकोस. बुकिंग घेताना लिहून घे, फोटोग्राफर आणि सेकंड शूटर यांना रात्रीची एक खोली. जेवण लिहून घेतेस तसंच. त्यापायी रक्कम थोडी कमी करावी लागली तर कर. नाहीच दिली खोली, तर मला फोन कर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रात्री चालवायला मनाई केली आहे, नाहीतर मीच चालवली असती. पण शेजारी बसून बोलत येईन. मंडपात येणार नाही, गाडीत थांबेन.

पुढच्या डाव्या चाकात हवा कमी वाटली, कोपऱ्यावरून भरून आणली आहे. पीयूसी या महिन्यात संपतंय. जुना कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, तो बरोबर घेऊन जा.

तुझा,
बाबा