रात्रीच्या दूध-पोळीऐवजी

मैलापूर, चेन्नई

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई रोज सांगते, "जेवलो गं, झालं." काय जेवलात विचारलं की दूध-पोळी, नाहीतर खिचडी. दिवाळीत मी पाहिलं, बाबा भाजीची वाटी हळूच बाजूला सारतात. कवळी बसवल्यापासून गवार, घेवडा, कोबी त्यांना चावत नाही. आईचा अंगठा दुखतो, लाटणं धरवत नाही, आणि दोन माणसांसाठी कुठे भाजी चिरत बसायचं, असं तिला वाटतं. मला हे मनापासून खटकतं. आम्हा भावंडांना तुम्ही कधी पानात भाजी टाकू दिली नाहीत. तुमच्या पानातून ती नाहीशी होऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ जोडपं राहतं, मी त्यांना मामी आणि मामा म्हणते. दोघंही सत्तरी ओलांडलेले, मुलं परगावी. तरी मामींकडे रोज दोन भाज्या होतात आणि पोळपाट-लाटणं बाहेर निघत नाही. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या ओट्याशी उभी राहते. जे पाहिलं ते तुमच्या घरासाठी किती सोयीचं आहे, हे तेव्हाच मनात आलं. साऊथ इंडियन म्हटलं की आपल्याकडे इडली-डोसा डोळ्यांपुढे येतो. तो नाश्ता झाला. इथल्या घरातलं दुपारचं जेवण म्हणजे आधी सांबार किंवा कुळंबू (म्हणजे आमटीसारखं दाटसर कालवण) आणि भात, मग रसम-भात, शेवटी दहीभात, आणि या सगळ्याबरोबर साधी रोजची भाजी.

आई, पहिल्यांदा कूटू, म्हणजे डाळ-खोबरं घातलेली मऊ भाजी, करून बघ. पडवळ, दुधी, कोहळा, कोबी, काहीही चालतं. पाव वाटी मूगडाळ कोरडीच जरा भाजून घे, वास सुटेपर्यंत. दीड वाटी पाणी आणि हळद घालून साध्या पातेल्यात शिजत ठेव, बोटाने दाबल्यावर मोडायला लागली की दोन वाट्या बारीक फोडी त्यातच टाक. तोवर तीन चमचे ओलं खोबरं, अर्धा चमचा जिरं, चार-पाच मिरे आणि तांदळाचं चिमूटभर पीठ मिक्सरच्या लहान भांड्यात वाटून घे. खवणीवर बसू नकोस, खोबऱ्याच्या काचऱ्या केल्यास तरी चालतील. भाजी मऊ झाली की वाटण आणि मीठ घालून एक उकळी आण. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. इथे त्यासाठी खोबरेल वापरतात, आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही चांगली लागते. इथले लोक फोडणीत उडीदडाळ तांबूस करून घालतात, पण बाबांच्या वाटीत ती नको, कवळीखाली अडकते. भाजी आणि आमटी एकाच पातेल्यात होते, आणि भाताचा आग्रह नाही. बाबांना साखर सांभाळायची आहे, तर भात मूठभर आणि कूटू वाटीभर, किंवा ज्वारीची मऊ भाकरी कुस्करून त्यात. मिरे-जिऱ्यामुळे मीठ कमी असलं तरी बेचव लागत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून बाबांची तीच तक्रार आहे ना?

सांबाराबाबत मामींकडून एक महत्त्वाची गोष्ट कळली. चिंचेच्या आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही, डाळ तर शिजतच नाही. म्हणून तर हॉटेलच्या सांबारात शेवगा आणि भोपळा अख्खे राहतात. मामांचेही दात अधू आहेत, म्हणून मामी लाल भोपळा, वांगं आधी हळदीच्या पाण्यात पुरतं शिजवतात आणि चिंचेचा कोळ नंतर घालतात. मग कोळाचा कच्चा वास जाईपर्यंत उकळतात आणि घोटलेली तूरडाळ शेवटी. आमटी करतानाही आई, चिंच किंवा आमसूल शेवटीच टाकत जा. बाबांना शेवग्याची शेंग आवडते, पण चोखताना त्रास होतो. ती उकडून चमच्याने गर काढून घे आणि तोच सांबारात घाल.

पोरियल ही कोरडी भाजी, घेवड्याची, गाजराची, कोबीची. सगळं कौशल्य चिरण्यात आहे. मामी घेवडा इतका बारीक चिरतात की पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की चार-सहा मिनिटांत होतो. फोडणी, भाजी, मीठ, आणि गॅस बंद केल्यावर मूठभर ओलं खोबरं. मसाला अजिबात नाही. आपल्या दाण्याच्या कुटाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग घेवड्याची स्वतःची चव कळायला लागते आणि मला तरी आता तीच हवीशी वाटते. चिरायचं काम बाबा, तुम्ही घ्या. पेपर वाचून झाला की विळी नको, सुरी-पाट घेऊन बसा. आईच्या अंगठ्याला तेवढाच आराम.

रसमाबद्दल किती लिहू! मामींकडे त्यासाठी निव्वळ कथलाचा गडू आहे, त्याला ईय सोंबू म्हणतात. आई, आपल्या पितळी भांड्यांना कल्हई लावायचे तोच हा धातू. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे गडू रिकामा कधीच चुलीवर ठेवायचा नाही, आधी पाणी मग आच. त्यातल्या रसमाला वेगळीच चव येते असं इथे सगळे सांगतात, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. तुम्ही स्टीलच्या पातेल्यात करा. सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, एक कुस्करलेला टोमॅटो, हळद, हिंग, मीठ उकळून घ्यायचं, त्यात तूरडाळीचं पातळ पाणी आणि ताजं कुटलेलं मिरं-जिरं. वर फेस जमला की लगेच उतरवायचं. खळखळ उकळलं की सुवास उडून जातो. वरून साजूक तुपात मोहरी-जिरं आणि कोथिंबीर. सर्दी-पडशाच्या दिवसांत, जेवण नकोसं झालं असताना, मऊ भातावर हे घेतलं की घास सहज उतरतो.

पालेभाजीचं मसियल तर तुम्हा दोघांसाठीच. तांदुळजा थोड्या पाण्यात, झाकण न ठेवता शिजवायचा, रंग हिरवा राहतो. मग रवीने घोटून हिंगाची फोडणी. आंबट ताक उरलं की मोर कुळंबू: भिजवलेली चणाडाळ, खोबरं, जिरं, हिरवी मिरची वाटून ताकात, आणि त्यात शिजवलेला कोहळा. आपल्या कढीपेक्षा दाट आणि पोटभरीची. फाटू नये म्हणून मंद आचेवरच.

इथल्या दक्षिण माड वीथीवर, कपालीश्वराच्या देवळाजवळ, भाजीवाल्या बायका ओळीने बसतात. कोहळ्याची, भोपळ्याची हवी तेवढीच फोड कापून देतात, केळफूल, कच्ची केळी, सुरण सगळं असतं. गाजर, कोबी, फरसबीला अजूनही इंग्लिश भाज्या म्हणतात, आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात त्या चालत नाहीत. तेव्हा पडवळ, गवार, कारलं, केळी असं देशी तेवढंच, आणि मिरचीऐवजी मिरी. मला ते फार आवडलं. ज्या भाज्यांना आपण रोजच्या म्हणून नाक मुरडतो, त्यांना इथे पितरांच्या पानात मान आहे.

मामींनी त्यांच्या हातची सांबारपूड दिली आहे, कुरियरने पाठवते आहे. धणे, लाल मिरची, तूरडाळ, चणाडाळ, मेथी, मिरी, सगळं भाजलेलं. तिखट आहे, दोघांना एक चमचा पुरे. डबा फ्रीजमध्ये ठेवा.

सोमवारी बाजारातून एक पडवळ आणा, कोवळं बघून. रात्री कूटू करा, आणि फोन आईने नाही, बाबांनी करायचा. वाटी संपली की नाही, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुमची लेक