लेझर कटर शनिवारी बंद : धुराचे फिल्टर बदलणार

सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ लेझर कटर बंद राहील. प्री-फिल्टर (जाड धूळ आधीच अडवणारा), हेपा (बारीक कण अडवणारा) आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, तिन्ही बदलायचे आहेत. मदतीला दोघे हवेत. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच या. जुने फिल्टर झटकू नका, थेट जाड पिशवीत बांधा.

हेपा फक्त कण अडवतो. अ‍ॅक्रिलिकचा उग्र वास, एमडीएफमधून (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव बोर्डमधून) सुटणारा फॉर्मल्डिहाइड हे वायू. ते शोषायला कार्बनच लागतो. कार्बन संपला तरी हवेचा झोत कमी होत नाही, म्हणून ब्लोअर (धूर ओढणारा पंखा) चालू आहे एवढ्यावर विसंबू नका. खोलीत वास आला की काम थांबवा आणि ग्रुपवर कळवा. झोतच मंदावला असेल तर आधी प्री-फिल्टर बघा, बहुतेक तोच चोंदलेला असतो.

रविवारपासून :

- ब्लोअर आधी, लेझर नंतर. काम संपल्यावर ३ मिनिटे झाकण उघडू नका.
- खिडकी उघडी ठेवा. यंत्र चालू असताना जागा सोडू नका.
- पीव्हीसी, व्हिनाइल, रेक्झिन पूर्ण बंद. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुफ्फुसांना इजा होते, यंत्राचे रूळही गंजतात.

प्लास्टिक ओळखू येत नसेल तर बाहेर मोकळ्या हवेत तांब्याची तार ज्योतीत तापवून त्या प्लास्टिकवर टेकवा आणि तीच तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनची शंका. तो तुकडा यंत्रावर ठेवू नका.