स्कूटर नको, साधी सायकलच घेते

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

स्कूटरसाठी पैसे पाठवतो असे बाबांनी फोनवर सांगितले आणि माझे म्हणणे ऐकण्याआधीच फोन आईच्या हाती दिला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पैसे पाठवू नयेत. येत्या शनिवारी मी सायकल घेणार आहे, तीही बिनगिअरची, साधी लेडीज सायकल. हा निर्णय हट्टाने घेतलेला नाही; त्यामागचा हिशोब एकदा वाचावा आणि मग हवे तर रागवावे.

इथे अलिबागला कुरूळच्या माझ्या खोलीपासून हिराकोट तलावाजवळच्या कार्यालयापर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि रस्ता सपाट आहे. एवढ्याशा अंतरासाठी रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या आसपास जाणारी स्कूटर घ्यायची, तिचा विमा भरायचा आणि पेट्रोलसाठी रांगेत उभे राहायचे, हे मला पटत नाही. सध्या विक्रम रिक्षा भरेपर्यंत नाक्यावर जो वेळ जातो, तेवढ्या वेळात सायकलीने मी कार्यालयात पोहोचेन. बॅटरीची सायकलही पाहिली. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असेल तर परवाना लागत नाही, हे खरे. पण किंमत साध्या सायकलीच्या तिप्पट-चौपट, आणि बॅटरी दमली की पुन्हा मोठा खर्च. तो विचार तिथेच सोडला.

आईने विचारले होते, लेडीज सायकलच कशाला, पुरुषांची दणकट असते ना? पुरुषी सायकलीच्या आडव्या दांड्यामुळे सांगाडा त्रिकोणी होतो आणि त्यामुळे तो मजबूत असतो, यात शंका नाही. लेडीज सायकलीत तो दांडा खाली उतरवलेला असल्याने नळ्या जाड घ्याव्या लागतात किंवा दोन समांतर घालाव्या लागतात, आणि वजन थोडे वाढते. पण पंजाबी ड्रेसमध्ये, क्वचित साडीत, खांद्याला पर्स आणि मागे कॅरिअरला डबा बांधलेला असताना मागून पाय टाकून चढणे किती अवघड असते, ते आईला सांगायला नको. शिवाय बाजारपेठेत दर दहा पावलांवर थांबावे लागते. तेव्हा सरळ पाय खाली टेकता आला पाहिजे.

गिअरविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण दुकानदाराचा सगळा जोर तिथेच होता. एकवीस गिअर, पुढे शॉकर, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक, भडक रंग, आणि हे सगळे दहा-अकरा हजारांत! इतक्या कमी पैशांत इतके सुटे भाग द्यायचे म्हणजे प्रत्येक भाग हलकाच असणार. मागच्या चाकाजवळ लोंबणारा गिअरचा सांधा सायकल एकदा आडवी पडली की वाकतो, स्वस्त शॉकर निव्वळ वजन वाढवतो, आणि डिस्क घासायला लागली तर ती नीट जुळवणारा कारागीर जवळपास हवा. मी साध्या सायकलीचे दात मोजून पाहिले: पुढच्या चक्राला 44, मागच्याला 18. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते, आणि 26 इंची चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त असल्याने सायकल पाच मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे, म्हणजे अगदी रमतगमत पाय मारले, तरी ताशी 15 किलोमीटरचा वेग पडतो आणि तीन किलोमीटर बारा मिनिटांत होतात. या सपाटीला याहून वेगळे काय हवे? आपल्या आंजर्ल्यात राहून रोज कड्यावरच्या गणपतीची चढण चढायची असती, तर मी गिअरवाल्या सायकलीवाचून दुसरीकडे पाहिलेही नसते.

खरी कसोटी चढणीची नाही, खाऱ्या वाऱ्याची आहे. दुकानाबाहेर नमुन्यासाठी ठेवलेल्या एका सायकलीची उघडी चेन मी बोटाने चाचपली तर बोट तांबडे झाले, आणि ती सायकल विकलीही गेलेली नव्हती. म्हणून संपूर्ण चेन झाकणारे कव्हर असलेलीच सायकल हवी, असे मी आधी ठरवून टाकले. दुकानदार म्हणाला, हल्ली मुलींना पूर्ण कव्हर आवडत नाही, जुनाट दिसते. दिसू दे. त्या कव्हरमुळे चेनवर चिखल उडत नाही, सलवारीला काळे डाग पडत नाहीत आणि पायघोळ कपडा दातांत सापडत नाही. मागच्या चाकाला जाळीही आहे. ओढणी आरांत गुंतली तर काय होते, ते गावात आपण पाहिले आहे.

रिमही तितक्याच बारकाईने पाहिली. चकाकणारी क्रोमची लोखंडी रिम कोरडी असताना ठीक, पण पावसात भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. आपल्याकडे जूनपासून चार महिने रिम कोरडी राहायचीच नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेक पुष्कळ बरा लागतो आणि तिला तांबडा गंजही चढत नाही. खाऱ्या हवेने फार तर पांढुरकी पूड धरते, ती पुसता येते. दोन सायकलींच्या किमतीत काही शेंचाच फरक होता. तो मी डोळे झाकून देणार आहे, कारण बास्केट, घंटी, स्टँड हे सगळे मागाहून बदलता येते, पण दोन्ही रिम बदलणे म्हणजे आरे नव्याने विणणे आले.

बाबा, तुम्ही अॅटलासच घे म्हणालात. त्या कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम जून 2020 मध्ये थांबले, आणि इथल्या दुकानांत ती सायकल मला कुठे दिसली नाही. लुधियानाच्या हिरो आणि एव्हन आहेत, चेन्नईकडची बीएसए लेडीबर्ड आहे. साध्या बनावटीत या तिघींत नावापेक्षा जोडणीचाच फरक जास्त पडतो, असे माझे मत झाले आहे. म्हणूनच मोबाइलवर मागवणार नाही. घरी येणारी सायकल अर्धवट जोडलेली येते, आणि हँडल, ब्रेक, पेडल बसवायला शेवटी कारागिराकडेच न्यावी लागते. सायकलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्के बिल द्यायला आता दुकानदारालाही फारसे जड जाऊ नये. बिलावर सांगाड्याचा नंबर लिहून घेईन. सायकल, मजबूत कुलूप, दिवे आणि हेल्मेट असा सगळा खर्च दहा हजारांत बसतो.

मापाची काळजी नसावी. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, म्हणजे पुढचा तळवा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. सुरुवातीला सीट याहून थोडी खालीच ठेवणार आहे.

आईची खरी भीती रहदारीची आहे, आणि ती अनाठायी नाही. रेवदंडा-मुरुडकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी शनिवार-रविवारी हा रस्ता तुंबलेला असतो. मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारी थेट उतरतात. पण माझी ये-जा कामाच्या दिवसांची. सुट्टीच्या दिवशी सायकल मुख्य रस्त्यावर काढणार नाही, हा शब्द देते. टायरला घासून चालणारा डायनामो पावसात घसरतो आणि सायकल थांबली की विझतो, म्हणून पुढे-मागे चार्जिंगचे दिवे लावणार आहे. रिफ्लेक्टर पेडलवर आणि आऱ्यांतही आहेत.

राहता राहिली निगा. भिजून आल्यावर गोड्या पाण्याने पुसायची, कोरडी करायची आणि पडवीत आत ठेवायची, एवढे रोजचे. सीटचा दांडा महिन्या-दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावावे लागेल, नाही तर तो नळीत असा धरतो की हातोडीनेही हलत नाही. आई, शिलाई मशीनचे तेल पाठवू नकोस. ते पातळ असल्याने पहिल्याच सरीत धुऊन जाते. खोबरेल तर नकोच, ते चिकट होऊन धूळ धरते. पावसाळ्यासाठी दाट तेल मी इथेच घेईन.

खोबरेल लागेल ते वेगळ्या कामाला. बाबा, माळ्यावर तुमच्या सायकलीचा उभा पंप आहे ना? या सायकलीच्या ट्यूबला जुन्या पद्धतीचाच व्हॉल्व आहे, मोटारसायकलीसारखा नाही, त्यामुळे तो पंप चालेल. आतला चामड्याचा वॉशर सुकून कडक झाला असेल. त्याला रात्रभर खोबरेल लावून ठेवा आणि सकाळी दट्ट्या दाब धरतो का पाहा. धरला तर आत्या पुढच्या महिन्यात इकडे येतील, त्यांच्याबरोबर पाठवा. नाही धरला तर इथे नवा घेईन, पण आधी कळवा.

तुमची,
बाय