आईची बोटं आणि बाबांचा खराटा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

पोळ्याला आलो तेव्हा हे सगळं समोरच बोलणार होतो. पण पुरणपोळी खाऊन झोपलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरली. फोनवर आई "बरं हाय रे" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहितो.

आई, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी जागा होतो. पाच वाजता तू शेणाच्या बालदीत हात घातलास. बोटं मिटत नव्हती, तर नुसत्या तळव्यानं सडा उडवत होतीस. मग पोतारा दोन मनगटांत दाबून पिळलास. अर्धं पाणी लुगड्यावर. शेवटी ओट्यावर टेकून एकेक बोट दुसऱ्या हातानं सरळ केलंस, आणि मी दिसताच हात पदराखाली.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, हा आमवात आहे, म्हातारपणची झीज नाही. रात्रभर पडून सांधे आखडतात, सुटायला तासभर लागतो. म्हणजे हात सगळ्यात वाईट असतात तेव्हाच तू सगळ्यात अवघड काम काढतेस. आधी कोमट पाण्यात हात बुडव, चहा घे, झाडणं-पुसणं नऊनंतर. लक्ष्मी काही पाचच्या ठोक्याला फाटकात उभी नसते.

पोताराही बदल. जुन्या बनियनची लहान फडकी कर, ती तळव्याखाली दाबली तरी निथळतात. फड्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड कर, घट्ट आवळावी लागणार नाही. मी आणलेली ती फिरत्या पोछ्याची बालदी ही माझीच चूक. भरली की दहा लिटर, म्हणजे नुसतं पाणीच दहा किलो. तिच्यात तू तूरडाळ भरलीस, ते बरंच केलंस.

आणि सोमवारची गोळी सोमवारीच. दुखतं म्हणून मंगळवारी दुसरी नाही, ती आठवड्यातून एकदाचीच आहे. महालक्ष्म्यांच्या घाईत रक्ततपासणी चुकवू नका.

बाबा, आता तुमच्याशी. दरवर्षी 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून स्टँडपासून देवळापर्यंत रस्ता झाडता. सरपंचाच्या आधी तुमचा खराटा हजर. त्याच खराट्यानं आपलं अंगण झाडताना मात्र मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. रागावू नका. मीही लग्नापर्यंत पोताऱ्याला हात लावला नव्हता. आता इथं रविवारची फरशी माझ्याकडे आहे, आणि पलंगाखालचा कोपरा राहिला की सूनबाई बोलते.

तर उद्यापासून सडा तुमचा. शेणात पाणी किती, ते आई ओट्यावर बसून सांगेल. न विचारताच सांगेल. गुडघ्यामुळं वाकवत नसेल तर खराट्याला बांबू बांधून घ्या. आई, सडा एकीकडं दाट, एकीकडं पातळ पडेल. त्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. शेजारीण हसली तर हसू दे, तिचा नवरा तर पाण्याचा गडवाही हातानं घेत नाही.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी पोचतो. फळीवरचे डबे, पितळेची भांडी, जाळे-जळमटं माझ्याकडं. तोवर स्टुलावर कोणी चढायचं नाही, दोघांनीही. मुखवटे तेवढे आईनं पुसायचे, नऊ वाजल्यानंतर.

तुमचा,
बाळू