तक्रार पत्र: तुमच्या ‘न जाळणाऱ्या’ यंत्राने जाळलेला खिसा

दि. १४ मे
अमळनेर, जि. जळगाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आपलं नाव तुमच्या वेबसाइटवर कुठेच सापडलं नाही, म्हणून नुसतं पद लिहितो.)

विषय: सुकी पानं तापवण्याचं सदोष यंत्र, त्याची खोटी जाहिरात आणि पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन आहे. ३१ वर्षं नोकरी केली आणि ३१ वर्षं बिडी ओढायला गेटबाहेर गेलो. आत कुणाच्या खिशात नुसती माचीस सापडली तरी त्याला घरी पाठवायचे. कापसाची गठाण बाहेरून हात लावला तर गार लागते आणि आतून दोन-दोन दिवस धुमसत असते. जळणं, करपणं आणि धुमसणं यांतला फरक मला पोटापाण्यासाठी शिकावा लागला होता. तुमच्याशी आता जे भांडण आहे ते याच फरकाचं आहे, म्हणून ही ओळख.

फेब्रुवारीत मोबाइलवर तुमची जाहिरात पाहिली. मुठीत मावेल एवढं काळं यंत्र, वर लहान डिस्प्ले, आत सुकी पानं भरायची भट्टी. खाली मराठीत लिहिलेलं: ‘पान जळत नाही, फक्त तापतं. धूर नाही, राख नाही. बिडी-सिगारेट सुटत नसेल तर सोपा पर्याय.’ किंमत ४,८५० रुपये. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नाही, म्हणून आधी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर विचारलं, की यात तंबाखू चालते का? तुमच्या माणसाचं उत्तर माझ्याकडे अजून आहे: ‘हाँ सर, बीड़ी वाला भी चलेगा।’ मग पैसे भरले.

कल्पना मला पटली होती, हे आधीच कबूल करतो. झुरका ओढताना बिडी-सिगारेटचा निखारा ९०० अंशांच्या आसपास जातो. धुरातलं टार आणि कार्बन मोनॉक्साइड हे मुख्यतः त्या जळण्यातून येतं. निकोटिनला मात्र एवढ्या आगीची गरज नसते. त्याचा उत्कलनबिंदू २४७ अंश, पण उकळण्याआधीच ते पानातून सुटायला लागतं. दोरीवरचा ओला टॉवेल काही १०० अंशांची वाट पाहत नाही. तेव्हा पान १८०-१९० अंशांवर धरून ठेवलं तर वाफ मिळेल आणि पान जळणार नाही, हे गणित बरोबर आहे. फक्त त्यात ‘धरून ठेवलं तर’ हे तीन शब्द आहेत, आणि तुमचं यंत्र नेमकं तेच करत नाही.

हेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. डॉक्टरांनी मला तंबाखू ‘सोडा’ म्हटलं होतं, ‘बदला’ म्हटलं नव्हतं. तापवलेल्या तंबाखूतही निकोटिन तेच आणि व्यसनही तेच. जागतिक आरोग्य संघटना असल्या वस्तूंना निर्धोक मानत नाही, हे मी नंतर वाचलं. पळवाट शोधली ती मीच. पण पळवाट म्हणून जी वस्तू विकली, ती निदान सांगितल्यासारखी चालायला हवी होती.

पहिल्या दिवशी बिडीचा चुरा भरला. आमच्याकडे उन्हाळ्यात तंबाखू इतकी वाळते की चिमटीत घेतली तर पीठ होते, म्हणून तुमच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे हलकी भरली, दाबली नाही. डिस्प्लेवर १९० लावलं. पहिले दोन-तीन झुरके बरे लागले, ओल्या गवतासारखा वास आला. चौथ्याला घशात कडू ठसका बसला. झाकण उघडून पाहिलं तर भट्टीच्या भिंतीला लागलेला चुरा काळा ठिक्कर, मधला जसाच्या तसा तपकिरी, आणि तळाशी राखाडी भुकटी. मी ती बोटावर घेऊन चोळली. राख होती. जी राख होणारच नाही म्हणून मी पैसे मोजले होते, ती.

तुम्ही म्हणाल, चुरा हलवला नसेल. हलवला. दर दोन झुरक्यांनी काडीने हलवला. आठ दिवस वेगवेगळं तापमान लावून पाहिलं. १६० लावलं तरी शेवटी करपतंच.

मग जुनी पेटी काढली. फॅक्टरीत बेअरिंग तापलंय का ते पाहायला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, वापरायचो. जिनिंगमधल्या कितीतरी आगी तापलेल्या बेअरिंगपासूनच लागतात. तो थर्मोकपल मल्टिमीटरला जोडला, उकळत्या पाण्यात बुडवून आधी त्याचीच परीक्षा घेतली, आणि मग टोक रिकाम्या भट्टीच्या भिंतीला टेकवलं. डिस्प्ले १९० वर. अर्ध्या मिनिटाने १८६. एका मिनिटाने २१५. तिसऱ्या मिनिटाला २६०, आणि आकडा चढतच होता. डिस्प्ले मात्र १९० वरून हलला नाही. २८४ ला मी स्वतः बंद केलं. शेवटी वर्तमानपत्राची एक पट्टी भट्टीत सरकवली, ती दीड-दोन मिनिटांत भाजक्या पापडासारखी झाली. पट्टीचा फोटो सोबत जोडला आहे. माझा अंदाज असा, की तापमान मोजणारा सेन्सर भट्टीला चिकटलेला नाही, कुठेतरी बाहेरच्या कवचाला बसवलाय. त्याला गारच लागतं आणि तो हीटरला ‘अजून दे, अजून दे’ सांगत राहतो. खोलून खात्री करता आली असती. पण खोललं की वॉरंटी गेली, असं तुम्ही लाल अक्षरात छापलं आहे.

इथवर मी गप्प होतो. पैसे बुडाले असं समजून यंत्र फळीवर ठेवून दिलं असतं.

पण आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. माझी लेकही दोन मुलांना घेऊन आलेली. सकाळी घागर पुजून झाली, आमरस-पुरणपोळी झाली आणि नातीने झोक्याचा हट्ट धरला. मी अंगणातल्या निंबाला दोर बांधत होतो. यंत्र शर्टाच्या खिशात होतं, बंद. फांदीवर पोट टेकून दोराला गाठ मारताना बटण दाबलं गेलं असणार. पाच वेळा दाबल्याशिवाय चालू होत नाही, असं तुमची पुस्तिका म्हणते. माझं एकाच दाबात झालं. ‘पाच मिनिटांत आपोआप बंद’ हेही तिच्यात आहे. ते झालं नाही. उन्हाचा चटका समजून मी दोर ओढत राहिलो आणि नाकात आला तो फॅक्टरीतला ओळखीचा वास. सुती कापड करपतंय.

खिसा फाडूनच यंत्र बाहेर काढलं. खिशाला रुपयाच्या नाण्याएवढं भोक, कडा तपकिरी, आतल्या बनियनला डाग, छातीवर फोड. मोठं काही झालं नाही. पण खाली नात दोर धरून उभी होती आणि मी वरून तापलेला धातू टाकणार होतो. ते आठवलं की अजून हात गार पडतात.

मंडळींनी शर्ट हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, ‘बिडी बरी व्हती, तोंडमाईन काढी का इझी जास.’ बिडी बरी होती, तोंडातून काढली की विझते. आणि हे खरंच आहे. टेंभुर्णीच्या पानाची बिडी झुरके थांबले की विझते, ओढणाऱ्याला सारखी पेटवावी लागते. शेकडा भावाने मिळणाऱ्या बिडीला जी अक्कल आहे, ती तुमच्या ४,८५० रुपयांच्या यंत्राला नाही.

आखाजीनंतर तीन दिवसांनी तुमच्या ग्राहक सेवेला मेल केला. पोच नाही. फोन केला तर ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, यात तुम्ही काय टाकलं होतं?’ म्हटलं, तंबाखू. लगेच सूर बदलला. हे ‘अरोमा प्रॉडक्ट’ आहे, फक्त तुळस, पुदिना, निलगिरी यांसाठी. तंबाखू वापरल्यामुळे वॉरंटी रद्द. मी व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तो विभाग वेगळा. म्हणजे विकताना बिडी सोडवणार आणि तक्रार आली की पुदिना! बरं, तुळस भरली असती तर भट्टी २८४ पर्यंत गेली नसती का? आणि खिशात तापलं तेव्हा तर यंत्रात काहीच भरलेलं नव्हतं.

शेवटी त्यांनी मेहरबानी केली: यंत्र स्वखर्चाने कुरिअर करून परत पाठवा, तपासून कळवू.

माझा भाचा धुळ्याला वकिली शिकतो. त्याला हे सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसला. त्याने मला इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदीचा २०१९ चा केंद्राचा कायदा दाखवला. मला वाटायचं, ही बंदी त्या रंगीत, फळांच्या वासाच्या पातळ द्रवाच्या व्हेपवर आहे. तसं नाही. व्याख्येत कुठलाही पदार्थ तापवून श्वासातून ओढायला वाफ देणारं विजेवरचं उपकरण येतं, मग त्यात निकोटिन असो वा नसो, आणि ‘न जाळता तापवण्याची’ उत्पादनं तर नाव घेऊन लिहिली आहेत. त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्याला मनाई. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला वेगळी शिक्षा.

म्हणजे बघा माझी अवस्था. तुम्ही सांगता तसं कुरिअर केलं तर ती वाहतूक. घरात ठेवलं तर साठवणूक म्हणून कुणी बोट ठेवायचं. कचऱ्यात टाकावं तर आत लिथियमची बॅटरी, घंटागाडीत पेट घेईल. आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाही. ६४ व्या वर्षी, बिडी सोडायच्या नादात, ती चढायची वेळ तुम्ही आणली. आणि हे माहीत असल्याशिवाय का तुम्ही खोक्यावर ‘अरोमा’ छापलं? खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या देशात बनलं तेही नाही. कायद्याने हे सगळं वेष्टनावर छापावं लागतं. नुसता एक क्यूआर कोड आहे, तो उघडला की तुळशीचं चित्र येतं.

तेव्हा आता माझं म्हणणं. माझे ४,८५० रुपये पूर्ण परत हवेत, कूपन नको, ‘वॉलेट’मध्ये नको. शर्टाचे पैसे मागत नाही, तो मी पुरावा म्हणून जपून ठेवला आहे. यंत्र तुमच्या खर्चाने, तुमच्या जबाबदारीवर, तुमच्या माणसाने घेऊन जावं आणि कायद्यात बसेल अशी लेखी पावती द्यावी. हे यंत्र कुणी बनवलं आणि कुणी देशात आणलं, ते लेखी कळवावं. आणि ज्यांना ज्यांना हे विकलंत त्या सगळ्यांना सांगा, की हे खिशात ठेवू नका. ही मागणी पैशांच्याही आधी धरा. माझ्या खिशाला भोक पडलं, दुसऱ्या कुणाच्या उशाखाली असेल.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ४८ तास केव्हाच उलटले. महिना संपायची मी वाट पाहीन. तोवर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करतो आहे. त्यानंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं ऑफिस दिल्लीत असलं तरी ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. वेळ माझ्याकडे भरपूर आहे. निवृत्त आहे आणि अमळनेर ते जळगाव रेल्वे आहे.

बिडीचं विचाराल, तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फिरवला. फुकट आहे. पलीकडच्या माणसाने मला काही विकलं नाही, फक्त दिवसातली पहिली बिडी किती वाजता लागते ते विचारलं. पंधरावरून चारवर आलो आहे.

यंत्र सध्या बॅटरी पूर्ण उतरवून, स्टीलच्या डब्यात, वाळू भरून ओट्यावर ठेवलं आहे. तुमचा माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करायला सांगा, आणि दुपारी बारा ते चार पाठवू नका. वैशाखात आमच्याकडे त्या वेळात दार कुणी उघडत नाही.

आपला,
एक ग्राहक, अमळनेर

सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, थर्मोकपलच्या आकड्यांचा व्हिडिओ, कागदाच्या पट्टीचा आणि शर्टाच्या खिशाचा फोटो.