बस लेनचा जाब विचारायचा कुणाला?

मा. संपादक यांस,

पुण्यात ‘बस वाढवा’ ही मागणी दर निवडणुकीत होते. ‘बसचा वेग वाढवा’ असे मात्र फारसे कुणी म्हणत नाही, आणि खरे गणित तिथेच आहे. समजा, एखादा मार्ग एका बाजूने 15 किलोमीटरचा आहे. गर्दीच्या वेळी बस ताशी 12 किलोमीटरने सरकली तर जाऊन-येऊन 150 मिनिटे लागतात. दोन्ही टोकांची दहा-दहा मिनिटे धरली की फेरी 170 मिनिटांची होते. दर दहा मिनिटांनी बस हवी तर 17 गाड्या लागतील. तीच बस स्वतंत्र लेनमधून ताशी 18 किलोमीटरने गेली तर फेरी 120 मिनिटांत संपते आणि 12 गाड्यांत भागते. उरलेल्या पाच गाड्या दुसऱ्या मार्गावर सोडता येतात. त्यासाठी ना नवी खरेदी, ना नवा डेपो, ना नवा चार्जर.

ई-बस हव्यातच, पण त्या कोंडीत अडकल्या तर थांब्यावरच्या प्रवाशाला काय फरक पडतो? पहिली गाडी पाच मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. पाठची गाडी मोकळी असल्याने तिला गाठते. मग वीस मिनिटे काहीच नाही आणि नंतर तीन बस एकदम. असे आठवडाभर झाले की माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि एकदा घेतली की तो बसकडे परत वळणे कठीण. शहराच्या हवेचा आणि हवामानाचा प्रश्न त्या थांब्यावर बिघडतो.

लेन मोडते ती चौकात. दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात लेनला कठडे असतात, पण चौकाच्या अलीकडे लेन संपवून सगळी वाहने एकत्र सोडली की मिळवलेली मिनिटे सिग्नलला जातात. बसस्थानक रस्त्याच्या मधोमध असेल तर तिथवर पोचायला पादचाऱ्यांसाठी सिग्नल लागतो. तो नसला की लोक जीव मुठीत धरून धावतात आणि बीआरटी, म्हणजे स्वतंत्र लेनमधली बससेवा, बदनाम होते. लेनमध्ये दुचाकी शिरू न देण्यासाठी दोन्ही तोंडांना माणूस उभा करावा लागतो. ही सगळी रोजची देखभालीची कामे आहेत. त्यांच्यामागे लागणारा, नावानिशी जबाबदार असा लोकप्रतिनिधी हवा.

तो आपल्याकडे नाही. पुण्यात 2002 ला तीन नगरसेवकांचा प्रभाग, 2007 ला एकाचा, 2012 ला दोनचा, 2017 पासून चारचा. मार्च 2022 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासक होते. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढला गेला तो याच काळात, म्हणजे त्यावर मत देणारे सभागृहच नव्हते. आता 41 प्रभागांत 165 नगरसेवक आहेत. 2011 च्या जनगणनेप्रमाणे एका प्रभागात सरासरी 85 हजार लोक येतात. बहुतेक प्रभागांत मतदार अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबतो. त्याशिवाय यंत्राचा लांब बीप वाजत नाही. पण थांब्यावरचे छत उडाले तर जायचे चौघांपैकी कुणाकडे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि अंदाजपत्रकातल्या ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, बाके आणि नामफलक मात्र चौघांचेही होतात.

छोट्या प्रभागात नगरसेवक गल्लीपुरता पाहतो, हा आक्षेप खोटा नाही. पण चारच्या प्रभागाने ती सवय गेलेली नाही, उलट जबाबदारी विरली. एका नगरसेवकामागे सुमारे 21 हजार लोक असतील तर निदान जाब विचारता येतो. मुंबईत 227 प्रभाग एकसदस्यीय आहेतच. मोठाच प्रभाग ठेवायचा असेल तर पदवीधर मतदारसंघासारखे पसंतीक्रमाचे मतदान विचारात घ्यावे. तिथे मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 लिहितो. चार जागा असतील तर वैध मतांच्या पाचव्या भागाहून एक मत जास्त, एवढा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, होतो. म्हणजे 40 हजार मतांत 8,001. एका लाटेत चारही जागा एकाच पक्षाला जाण्याला त्याने आळा बसेल. महिला आणि इतर राखीव जागा त्यात बसवणे किचकट आहे, म्हणून आमची पहिली पसंती एकसदस्यीय प्रभागालाच.

त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 5 मध्ये दुरुस्ती लागेल. ती विधिमंडळाच्या हाती आहे आणि पुढच्या प्रभागरचनेचे काम सुरू होण्याआधी व्हायला हवी. महापालिकेने आजच करण्याजोगे एक काम आहे. आयुक्त दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडतात. त्यात प्रत्येक बसमार्गाच्या फेरीला सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा वाजता किती मिनिटे लागतात, हा एक तक्ता जोडावा. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक बससेवेच्या, गाड्यांत जीपीएस आहे, त्यातून हे आकडे काढता येतील.

– काही नियमित बसप्रवासी, पुणे